ओढ्याकाठच्या देशी गवतांची नोंद कशी करावी

सातबाऱ्यावर 'पोटखराब' आणि योजनेच्या कागदावर 'पडीक' असं लिहिलेल्या जमिनीत काय उगवतं, ते सहसा कुणी लिहून ठेवत नाही. नोंद नसली की तिथं काही नव्हतंच असं धरून काम सुरू होतं. माळावर समपातळी चर निघतात, चरांवर ग्लिरिसिडियाची झाडं लागतात आणि ओढ्याचं खोलीकरण होतं. पोकलेन चालवणाऱ्याला काठावरचा वाळा कुणी दाखवलेला नसतो, मग तो तरी का थांबेल?

हा लेख निसर्गमंडळातल्या मुलामुलींसाठी, शाळा-कॉलेजातल्या शिक्षकांसाठी आणि वनरक्षकांसाठी आहे. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीवर नाव तर लागलं, पण करायचं काय हे कुणी सांगितलं नाही, अशा सदस्यांसाठीही आहे. वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. चिकाटी मात्र लागते, कारण गवत हा झाडाझुडपांइतका सोपा विषय नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. नवखा माणूस पहिल्या दिवसापासून नावाच्या मागे लागतो. गवताचं नाव सहा महिन्यांनीही सापडतं. पण ते कोणत्या जमिनीत उभं होतं, पाण्यापासून किती लांब होतं, त्या दिवशी तुऱ्यात होतं की दाण्यात, गुरांनी तोडलं होतं की नाही, हे त्याच दिवशी लिहिलं नाही तर कायमचं गेलं. म्हणून खालच्या पद्धतीत ओळख लावण्याचं काम मुद्दाम शेवटाकडे ठेवलं आहे.

जागा आणि परवानगी

मराठवाड्यात गवत बघायला दोन प्रकारच्या जागा आहेत. एक म्हणजे अभयारण्यं: पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर, धाराशिव जिल्ह्यातलं येडशी रामलिंग घाट, छत्रपती संभाजीनगर आणि जळगावच्या सीमेवरचं गौताळा-औट्रमघाट. दुसरी जागा म्हणजे गावोगावची गायरानं, देवस्थानांच्या जमिनी आणि त्यांतून वाहणारे ओढे. दोन्हीकडे काम करण्यासारखं आहे. किंबहुना दोन्हीकडे एकाच पद्धतीने काम झालं तर राखलेल्या आणि न राखलेल्या जागेतला फरक समोर येतो.

अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 लागू आहे. अभ्यासासाठी आत जायलाही परवानगी लागते आणि लेखी परवानगी हातात नसेल तर गवताची काडीही उपटायची नाही. अर्ज विभागीय कार्यालयात द्यायचा. त्यात कोण येणार, कोणत्या महिन्यांत येणार, कोणत्या ओढ्यावर फिरणार, नमुने घेणार असाल तर एका जातीचे किती आणि ते कुठे ठेवणार, एवढं स्वच्छ लिहायचं. कागद वरपर्यंत जाऊन यायला वेळ लागतो, म्हणून सप्टेंबरचं काम असेल तर अर्ज उन्हाळ्यातच टाका. गायरानासाठी ग्रामपंचायतीचं पत्र घ्या. ओढा कुणाच्या शेतातून जात असेल तर मालकाला भेटून सांगा. सोबत गावातलं एक माणूस असलं की निम्मी कामं आपोआप होतात.

अख्खा ओढा अंगावर घेऊ नका. अर्धा ते एक किलोमीटरचा टप्पा निवडा. त्या टप्प्यात शक्य तेवढी विविधता हवी: थोडं वाळूचं पात्र, एखादा डोह, एक उभी दरड, काळ्या जमिनीचा काठ आणि वर मुरमाड माळ. बालाघाटाच्या उतारावरच्या ओढ्यांवर हे सगळं चारपाचशे मीटरच्या आत मिळून जातं.

कधी जायचं

पोळा ते दिवाळी. एकाच फेरीची सवड असेल तर घटस्थापनेच्या आसपास जा.

गवताची खात्रीची ओळख तुऱ्यावरून पटते, आणि आपल्याकडची बहुतेक गवतं सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत तुऱ्यात असतात. त्याच्या आधी सगळं हिरवं आणि सारखं दिसतं. त्याच्या नंतर एकवर्षायू गवतं झडून जातात आणि कुसळी तुमच्या पँटला चिकटून घरी येते. जमत असेल तर आणखी दोन फेऱ्या करा. एक जुलैत, टप्पे ठरवायला आणि खुणा करायला. दुसरी मेमध्ये, कारण भर उन्हाळ्यात ओढ्यात जे हिरवं उरतं ते पाझराच्या जागा दाखवतं. वाळा, कसाड (कास) आणि हरळीचे पट्टे तेव्हा लांबूनही कळतात.

मराठवाड्यात बऱ्याच भागांत वर्षाला 600 ते 800 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही खंड देत देत. पाऊस लवकर उघडला तर गवत घाईने तुऱ्यावर येतं, परतीचा जोरदार झाला तर काळ्या जमिनीतल्या गवतांचा हंगाम लांबतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर त्या वर्षीचा तुमच्या महसूल मंडळाचा पाऊस महिन्यावार उतरवून ठेवा. पुढच्या वर्षी तुलना करताना हाच आकडा आधी लागतो.

दिवसाची वेळ सकाळची, उजाडल्यापासून साडेनऊ-दहापर्यंत. नंतर वारा सुटतो आणि हलत्या तुऱ्याचा फोटो येत नाही.

सामान

टिकाऊ वही, शिसपेन्सिल (पेनाची शाई दवाने पसरते), 30 मीटरचा टेप, एक मीटर बाजूची चौकट, दहापट मोठं दाखवणारं भिंग, फुटपट्टी, विळा, खुरपं, जुनी वर्तमानपत्रं, छोटी कागदी पाकिटं आणि शाळेतली काळी पाटी. चौकट पाण्याच्या बारीक पीव्हीसी पाइपची, कोपरे सुटणारी करा. पाटीचा उपयोग फोटोच्या वेळी सांगतो.

पायात घोट्याच्या वरपर्यंत बूट हवेत आणि हातात काठी. दगडाखाली फुरसं आणि गवतात घोणस ही इथली नेहमीची जनावरं आहेत. हात घालायच्या आधी काठी घालायची. लोकरी किंवा होजिअरीचे कपडे घालू नका, कुसळं त्यांत रुतून बसतात. वर डोंगराकडे पाऊस दिसत असेल तर कोरड्या पात्रात थांबू नका. ओढ्याचं पाणी सांगून येत नाही.

हे गवतच आहे ना?

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. गाजर गवत हे गवत नाही, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. पाणकणीस गवत नाही. लव्हाळाही गवत नाही, जरी शेतात हरळी आणि लव्हाळा यांच्या नावाने शिव्या एकत्रच दिल्या जातात.

देठ अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. तीन कडा बोटाला लागल्या आणि देठ आतून भरीव निघाला तर तो लव्हाळ्याच्या कुळातला. गवताचं खोड गोल किंवा थोडं चपटं असतं, त्याला गाठी असतात आणि दोन गाठींमधलं पेर बहुधा पोकळ असतं. काही गवतांत पेरही भरलेलं असतं, त्यामुळे एकट्या पोकळपणावर भिस्त ठेवू नका. पानांची रचना पाहा. गवताची पानं खोडाच्या दोन बाजूंना आलटून पालटून येतात, लव्हाळ्याची तीन बाजूंना. गवताच्या पानाचा खालचा भाग खोडाला म्यानासारखा लपेटलेला असतो आणि ते म्यान बहुधा एका बाजूने उघडं असतं.

आता ते पान खोडापासून हलकेच मागे वाकवा. पान आणि म्यान जिथं जुळतात तिथं आतल्या बाजूला एक पातळ पापुद्रा किंवा बारीक केसांची झालर दिसेल. अभ्यासक तिला लिग्यूल म्हणतात, आपण जिभली म्हणू. तुरा नसतानाही ती ओळख पटवायला मदत करते. हरळीत ती केसांची असते. शेताच्या ओलीत येणाऱ्या पाखडात, म्हणजे रानटी साव्यात, ती नसतेच. कोवळ्या गवतांच्या गर्दीतून पाखड वेगळं काढायला एवढं पुरतं.

लव्हाळ्याच्या कुळातल्या वनस्पतीही नोंदवाच, फक्त वेगळ्या रकान्यात. ओढ्याच्या पाणथळ जागांत त्यांचीच गर्दी असते.

ओढा पट्ट्यांत वाचायचा

ओढ्याकाठचं गवत पाण्यापासून माळापर्यंत पट्ट्यापट्ट्यांनी बदलत जातं. हे पट्टे आधी डोळ्यांनी वेगळे करा आणि वहीत कच्चा नकाशा काढा. डावा-उजवा काठ ठरवताना पाणी जिकडे वाहतं तिकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी नोंद घेतली तरी घोळ होत नाही.

पात्रातल्या वाळूत आणि खड्यांत कसाड, म्हणजे कास, उभं असतं. पाऊस सरता सरता त्याचे रेशमी पांढरे तुरे निघतात आणि जमिनीखालच्या धावत्या खोडांनी ते वाळू धरून ठेवतं. पाणी मुरणाऱ्या, ओल टिकणाऱ्या काठाला वाळ्याचे दाट झुपके मिळतील. वाळा ओळखायला मूळ उपटून वास घ्यायची गरज नाही. झुपक्याच्या कडेची माती खुरप्याने जरा सैल केली आणि मुळाचा एखादा धागा चोळला तरी वास येतो. डोहाच्या कडेला देवनळाची बेटं असू शकतात.

त्याच्या वर काळ्या जमिनीचा काठ येतो. शेतकऱ्याचा जुना वैरी कुंदा इथं भेटतो, खोल मुळ्यांचा आणि नांगराला न जुमानणारा. इथंच मारवेल असतं. मारवेलची खूण एकदा बघितली की विसरत नाही. खोडाची गाठ भिंगाखाली धरा, गाठीभोवती पांढऱ्या केसांचं कडं दिसतं. वर तुऱ्यात हाताच्या बोटांसारखे जांभळट फाटे असतात. त्याच्याच सारखं दिसणारं, पण अंगाने बारीक असं बोथ्रिओक्लोआ पर्टुसा शेजारीच असतं. त्याच्या कणिशकेच्या, म्हणजे तुऱ्यातल्या सुट्या दाण्यासारख्या भागाच्या, बाहेरच्या तुसावर टाचणीने टोचल्यासारखा एक खळगा असतो. भिंगाशिवाय तो सहज दिसत नाही, आणि त्यामुळेच यादीत ही दोन्ही गवतं 'मारवेल' म्हणून एकाच ओळीत जातात. काळ्या ओलसर सपाटीवर लालसर झाक असलेलं मोशी दिसलं तर तेही टिपा.

झुडपांच्या आधाराने, बोरी-बाभळीच्या जाळीत वर चढणारं एक गवत असतं, अप्लुडा म्यूटिका. उघड्यावर ते चरून जातं, काट्यांत वाचतं. म्हणून ते कुठे उभं होतं हे लिहिणं महत्त्वाचं.

मुरमाड माळ सुरू झाला की पवना, कुसळी आणि ॲरिस्टिडाचा मुलूख लागतो. दाबडघाव आणि शंकरनारायण या गवताच्या अभ्यासकांनी 1973 साली देशातल्या गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार मांडले. त्यांत दख्खनचं पठार सेहिमा-डायकॅन्थियम या प्रकारात येतं. हेच आपल्या भाषेत सांगायचं तर पवना आणि मारवेल यांचा प्रदेश. माळ बरा राखलेला असेल तर ही दोन गवतं जोमात असतात. चराई वाढत गेली की ती मागे सरतात आणि कुसळी पुढे येते. त्याच्याही पुढे दाब वाढला की तीन फाट्यांच्या कुसळाचं ॲरिस्टिडा आणि बुटकी एकवर्षायू गवतं उरतात. म्हणजे माळावरच्या गवतांचं प्रमाण नीट नोंदवलं तर त्या जमिनीचा मागच्या काही वर्षांचा हिशेब हाती येतो.

कुसळी कशी ओळखायची हे सांगायला नको, पण एकदा तिच्याशी खेळून पाहा. पिकलेलं एक सुटं कुसळ तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. पिळलेलं शेपूट उलगडत गोल फिरायला लागतं आणि वाळलं की पुन्हा पीळ भरतो. या फिरण्यानेच बियाचं टोकदार तोंड जमिनीत शिरतं. मेंढीच्या लोकरीतून कातडीत शिरतं तेही असंच, म्हणून मेंढपाळ कुसळी पिकायच्या आत त्या माळावरून कळप काढतात. शाळेतल्या मुलांना गवताची गोडी लावायला याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

उघड्या काळ्या खडकांकडेही बघा. तिथं बोटभर उंचीचं ओरोपेशियम थोमियम असतं, ज्याला बहुतेक जण शेवाळ समजून ओलांडतात. ते पार वाळून कोळ होतं आणि पाऊस पडला की तेच पान पुन्हा हिरवं होतं. याच गुणापायी त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा 2015 मध्ये उलगडला गेला. खडकांच्या फटीतल्या ट्रायपोगॉन या गवताच्या काही जातींतही हा गुण आहे.

टेप आणि चौकट

फिरताना दिसेल ते लिहायचं, ही झाली यादी. यादी हवीच, पण तिच्यावरून बदल कळत नाही. त्यासाठी मोजणी करायची.

पाण्याच्या कडेपासून काठाला काटकोनात वर माळाकडे टेप ताणा. दर पाच मीटरवर टेपच्या एकाच बाजूला चौकट ठेवा. बाजू आधी ठरवायची आणि शेवटपर्यंत बदलायची नाही. 'इथं काहीच नाही, जरा पुढे ठेवू' हा मोह आवरा. रिकामी चौकटसुद्धा नोंदच आहे. चौकटीत सरळ वरून बघून प्रत्येक जातीने किती जागा व्यापली ते अंदाजाने लिहा. नेमका टक्का काढत बसण्यापेक्षा सहा गट पुरतात: 1 टक्क्याहून कमी, 1 ते 5, 5 ते 25, 25 ते 50, 50 ते 75 आणि त्याहून जास्त. उघडी माती, दगड आणि वाळका पाचोळा यांचेही वेगळे अंदाज लिहा. दोघांनी न बोलता अंदाज बांधून मग ताडून पाहिले तर नजर लवकर बसते.

टप्प्यात अशा पाच-सहा ओळी तरी घ्या आणि त्यांच्यात सारखं अंतर ठेवा. प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर घ्या. मोबाइल पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतो, म्हणून शेजारची न हलणारी खूण लिहा: 'मोठा जांभूळ, त्याच्यापासून पूर्वेला 7 पावलं'. पात्रात खुंट्या ठोकू नका, पहिल्या पुरात जातात. वरच्या टोकाला खडकावर रंगाचा ठिपका चालतो, अभयारण्यात मात्र आधी विचारून.

नाव माहीत नसलेल्या गवताला तुमचा क्रमांक द्या. नोंद साधारण अशी दिसली पाहिजे:

'क्र. 27. 4 ऑक्टोबर. ओळ 3, डावा काठ, पाण्यापासून 12 मी. काळी जमीन, ओल आहे. बाभळीची अर्धी सावली. झुपका, गुडघ्याएवढा. गाठीवर पांढरे केस. तुऱ्यात 4-5 फाटे, जांभळट. शेंडे गुरांनी तोडलेले. गावात नाव: मारवेल. फोटो 112 ते 119. नमुना घेतला.'

यात शास्त्रीय नाव नाही, तरी या नोंदीवरून जाणकार माणूस बरंच पुढे जाऊ शकतो.

फोटो

गवताच्या फोटोंवर जाणकारांचा एकच शेरा येतो: 'ओळखता येत नाही.' कारण फोटो एकच असतो, लांबून काढलेला, मागे सगळं हिरवंच.

एका गवताचे किमान सहा फोटो हवेत. आधी जागेसकट दुरून. मग झुपक्याचं बूड, कारण कुसळीचं बूड चपटं असतं आणि झुपका आहे की जमिनीवर धावणारं खोड हेही तिथंच कळतं. मग गाठ. मग पान मागे वाकवून जिभली. मग पूर्ण तुरा, आणि शेवटी एक सुटी कणिशका फुटपट्टीशेजारी ठेवून. शेवटच्या दोन फोटोंसाठी ती काळी पाटी मागे धरा. हलक्या रंगाचे केस आणि कुसळं काळ्यावर स्वच्छ उठतात, आणि पाटीच्या कोपऱ्यात खडूने क्रमांक लिहिला की फोटो कुणाचा हा प्रश्नच राहत नाही. कणिशकेसाठी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर भिंग अगदी टेकवून धरा, कोपर मांडीवर टेकवा आणि श्वास सोडताना फोटो काढा.

शिवाय ओळीच्या खालच्या टोकापासून माळाकडे बघत, छातीच्या उंचीवरून एक फोटो घ्या. हा दर वर्षी त्याच जागेवरून, त्याच दिशेने घ्यायचा. पाच वर्षांनी गावसभेत बोलायची वेळ आली तर टक्केवारीच्या तक्त्यापेक्षा हेच फोटो लोक बघतील.

गुराख्याशी बोलताना

गवताचं जुनं ज्ञान गुरं राखणाऱ्या आबांकडे, मेंढपाळांकडे आणि रोज भारा कापणाऱ्या मावश्यांकडे आहे. त्यांना मोबाइलवरचा फोटो दाखवून विचारू नका. गवत उभं आहे तिथं, नाहीतर हातात काडी देऊन विचारा. माणूस काडी मोडतो, वास घेतो, दातात धरतो आणि मग नाव सांगतो.

आणि नावावर थांबू नका.

'मावशी, ह्याला तुमच्यात काय म्हणतात?'
'पवन्या.'
'आन् ते पलीकडचं?'
'ते बी पवन्याच. पर हे म्हैस आवडीनं खाती, त्याला तोंड लावीत न्हाई.'

इथं तुमच्या हाती दोन नमुने लागले, एक नाही. गावातलं एकच नाव दोन-तीन जातींना असतं आणि एकाच जातीला पलीकडच्या तालुक्यात वेगळं नाव असतं. म्हणून नावापुढे गाव लिहायचं आणि उच्चार जसा ऐकला तसाच लिहायचा, सुधारायचा नाही. कोणतं गवत आधी संपतं, दुष्काळात काय उरतं, कशाने दूध वाढतं, छपराला काय घालत होते आणि पूर्वी इथं होतं पण आता दिसत नाही असं काय, हे आवर्जून विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. ज्यांनी माहिती दिली त्यांना वहीत त्यांचं नाव घालायचं का ते विचारा, आणि नको म्हणाले तर घालू नका.

नमुना दाबणं

परवानगी असेल तरच, आणि आसपास त्या जातीचे वीसेक झुपके असतील तर त्यांतला एक. कमी असतील तर फोटोवर भागवा.

मुळांसकट काढा, माती धुवा, पाणी झटका. बुडाशिवायचा नमुना निम्मा वाया गेलेला असतो, कारण गवत एकवर्षायू की बहुवर्षायू ते बुडावरूनच ठरतं. उंच गवत इंग्रजी एन अक्षरासारखं दोनदा दुमडून वर्तमानपत्राच्या घडीत बसवा. दुमड उघडायला लागली तर कागदाच्या पट्टीला चीर पाडून ती त्यात अडकवा. चार-पाच सुट्या कणिशका छोट्या पाकिटात घालून त्याच घडीत ठेवा, नंतर उघडून बघायला त्या लागतात. घडीवर क्रमांक लिहा. सगळ्या घड्या दोन फळ्यांत पट्ट्याने करकचून आवळा. पहिले तीन दिवस रोज कागद बदला, पुढे एक दिवसाआड. ऑक्टोबरच्या उन्हात आठवडाभरात नमुना कडक होतो. प्लास्टिकच्या पिशवीत नमुना रात्रभर विसरला तर सकाळी बुरशी.

वाळलेला नमुना साधारण 42 बाय 28 सेंटीमीटरच्या जाड कागदावर शिवा किंवा चिकटपट्टीच्या बारीक तुकड्यांनी बसवा. उजव्या खालच्या कोपऱ्यात पट्टी लावून त्यावर वहीतली पूर्ण नोंद उतरवा. एका क्रमांकाचे दोन संच करा, एक तुमच्याकडे आणि एक संस्थेकडे द्यायला.

आता नाव

मराठवाड्याची एक जुनी अडचण आहे. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचं मोठं काम छापलं आणि महाराष्ट्रात अनेक वर्षं तेच हाताशी होतं. पण आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे त्या कामाच्या हद्दीबाहेर. प्रदेशाची स्वतंत्र वनस्पतिसूची व्ही. एन. नाईक यांनी 1998 मध्ये दोन खंडांत काढली. गवत ओळखायचं तर जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात तीच आधी शोधा. तिच्यातल्या ओळख-किल्ल्या, म्हणजे नावापर्यंत नेणारे प्रश्न, पायरीपायरीने चालतात: कणिशका एकेकटी की जोडीने, कुसळ आहे की नाही, तुरा एकेरी की बोटांसारखा. पहिली दहा गवतं लावायला फार वेळ जातो, पुढची पन्नास भराभर लागतात.

मोबाइलवरची ओळख-ॲप्स फुलझाडांना बरी आहेत. गवताच्या बाबतीत ती कुळापर्यंत किंवा प्रजातीपर्यंत (जीनसपर्यंत) आली तरी नशीब समजा. फोटो तिथं टाका, पण ॲपने सुचवलेलं नाव वहीत पक्कं करू नका. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर गवतं जाणणारी माणसं आहेत, ती सहा फोटोंचा संच बघून उत्तर देतात. पक्क्या खात्रीसाठी वाळलेला नमुना छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्रात न्या. जाण्याआधी पत्र पाठवून वेळ घ्या आणि वीसेक नमुने नीट क्रमाने लावून जा. पिशवीभर चुरा घेऊन गेलेल्या माणसाला कुणी वेळ देत नाही.

वहीत नावापुढे ते कुणी आणि कशावरून ठरवलं हेही लिहा. नाव बदललं तर जुनं खोडू नका, एक रेघ मारून शेजारी नवं लिहा आणि तारीख घाला.

परकी गवतं

ओढ्याच्या पाण्यात पॅरा गवत आणि काठाला गिनी गवत दिसू शकतं. दोन्ही मूळची आफ्रिकेतली, चाऱ्यासाठी आणलेली. शेतातल्या संकरित नेपियरचे तुकडेही पुरात वाहून येऊन काठाला रुजतात. या गवतांना दुष्काळात मोल आहे, त्यामुळे शेतकऱ्याशी वाद घालायला जाऊ नका. पण ती कोणत्या ओळीत, किती मीटरपर्यंत पोहोचली हे दर वर्षी लिहा. पॅरा पाण्यावरून आडवं पसरतं आणि त्याच्याखाली लव्हाळ्याच्या बारीक जाती दिसेनाशा होतात. एका ओढ्यावरून दुसऱ्यावर जाताना बूट आणि पायमोजे झटका, नाहीतर बी तुम्हीच वाहून न्याल.

नोंद कुठे द्यायची

जैविक विविधता अधिनियम, 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. राष्ट्रीय हरित लवादाने घातलेल्या 31 जानेवारी 2020 च्या मुदतीमुळे बऱ्याच नोंदवह्या घाईत झाल्या. तुमच्या गावची काढून बघा, 'गवते' या रकान्यात काय आहे ते. हरळी, कुसळी, 'इतर' असं असेल तर तुमची यादी तिथं जायला हवी. ग्रामसेवकाला तोंडी सांगू नका. समितीच्या नावाने अर्ज, सोबत यादी, नकाशा आणि फोटो द्या, पोच घ्या, आणि समितीच्या पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात विषय येतो का बघा.

दुसरी प्रत वन विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात द्या. अभयारण्यातली नोंद असेल तर परवानगीची अट म्हणून ती द्यावीच लागते. गायरानाची असली तरी द्या, कारण लागवडीचे आराखडे तिथंच ठरतात. यादीच्या वर ठळक अक्षरात एवढंच लिहा: ओढ्याचं नाव, टप्प्याचे अक्षांश-रेखांश, किती ओळी, किती चौकटी, किती जाती, त्यांतल्या नमुन्याने खात्री झालेल्या किती आणि फक्त फोटोवरून लावलेल्या किती. शेवटचे दोन आकडे वेगळे ठेवले तर पुढे तपासणाऱ्याला कोणत्या जातीपासून सुरुवात करायची ते कळतं.

मूळ वही कुणालाही देऊ नका. मोबाइलवर तिचं पानन् पान टिपून दोन ठिकाणी साठवा, आणि पुढच्या पोळ्याआधी ओळींच्या वरच्या टोकांचे रंगाचे ठिपके पुसले असतील तर पुन्हा मारून या.